कल्याणस्वामींचं काही दुखलं नव्हतं

बाकी महाराष्ट्रात मनगट दुखलं तर माणसाला सहानुभूती मिळते. आमच्या शिवथरात कल्याणस्वामी मिळतात.

याला कारण ती घळ. समर्थ रामदास तिथे बसून दासबोध सांगत होते आणि कल्याणस्वामी तो उतरवून घेत होते, अशी परंपरा. वीस दशक, दोनशे समास, साडेसात हजारांहून जास्त ओव्या. त्याही बोरूने, आणि पावसाळ्यात तर शेजारी धबधबा कानठळ्या बसवत असताना. पुढे ही जागा विस्मरणात गेली. १९३० साली धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी ती शोधून काढली, आणि तेव्हापासून पंचक्रोशीत लिहिताना हात दुखायला बंदी झाली, असं माझं मत आहे. घळीत दोघांच्या मूर्ती आहेत. येणारी माणसं समर्थांच्या मुद्रेकडे बघून हात जोडतात. मी हल्ली कल्याणस्वामींच्या उजव्या मनगटाकडे एकटक बघत उभा राहतो आणि माझी भक्ती वाढल्याची बातमी गावात पसरते.

"काय वो गुर्जी, हात का झाडताय?" वाडीतल्या एका आजोबांनी विचारलं.

"दुखतोय. मुंग्या येतात."

"कशानं?"

"लिहून लिहून."

"किती लिवलंत?"

मी शाळामास्तर. लिहितो म्हणजे माहिती भरतो. पटसंख्या, तांदळाची शिल्लक, मुलांची उंची, संडासांची संख्या, त्यांतले चालू किती आणि बंद किती. यातल्या एकाही गोष्टीची ओवी होत नाही. मी गप्प बसलो.

"कल्याणसामींनी अख्खा दासबोध लिवला," आजोबा म्हणाले, "आणि वर पाणी भरलं."

हेही खोटं नाही. सज्जनगडावर ते उरमोडीचं पाणी ज्या हंड्यांतून वाहून आणत, ते हंडे गडावर दाखवतात. पूर्वी ते पाहून मी नतमस्तक झालो होतो. आता त्यांचा फोटो दिसला तरी अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जाते.

मी दासबोधातच आधार शोधला. एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. समर्थांनी त्यात काय सांगायचं ठेवलेलं नाही! अक्षर कसं वाटोळं, सरळ आणि मोकळं असावं, शाई कशी काळीभोर असावी, बोरू कुठले आणावेत, कागदाच्या कडा किती सोडाव्यात. तरुणपणी बारीक अक्षराची सवय लावली तर म्हातारपणी उपयोगाची नाही, म्हणून मध्यम लिहावं, इथवर डोळ्यांची काळजी घेतली आहे. मनगटाबद्दल मला एक शब्द सापडला नाही. शिष्याने तक्रार केली असती तर एखादी ओवी पडली असती. कल्याणस्वामींनी ती केली नाही आणि त्याचे परिणाम मी भोगतोय.

या दुखण्याची वेळ ठरलेली आहे. दिवसा, चार माणसांत, दया मिळण्याची शक्यता असताना ते येत नाही. ते येतं मध्यरात्रीनंतर. हात गाढ झोपलेला असतो आणि त्याने मला टक्क जागं केलेलं असतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची बाजू, एवढ्या भागात मुंग्यांचं वारूळ फुटतं. करंगळीला काही होत नाही. ती रात्रभर ठणठणीत. शाळेत करंगळीचा उपयोग एकच, आणि तोही मुलंच करतात. जी बोटं कामाची तीच गेली आणि ही राहिली.

मग मी उठून खिडकीपाशी बसतो आणि हात जोरजोरात झाडतो. त्याने बरं वाटतं. आमचा शेजारी भल्या पहाटे म्हशीच्या धारा काढायला उठतो. पहिल्यांदा त्याला अंधारात खिडकीत हलणारा हात दिसला तेव्हा त्याने बादली ठेवून पळ काढला. मग मीच आहे असं कळल्यावर त्यानेही हात हलवला. मग एकदा, मी बोलावतोय असं समजून तो कवाड ढकलून आत आला. "काय झालं गुर्जी?" काही नाही म्हणालो, पण आलाच आहेस तर चहा घे. आता तो चहाच्या वेळी यायचा चुकत नाही. एखाद्या रात्री मला शांत झोप लागलीच तर तो बाहेरून खाकरून मला उठवतो.

दुखण्याचं मूळ काय, यावर माझा मी निकाल लावून टाकला होता. आमच्याकडे डोंगर इतके जवळ आहेत की मोबाईलला रेंज आकाशातूनच काय ती येते. आमच्या घरी ती पडवीच्या एका कोपऱ्यात, वळचणीच्या जरा खाली येते. तिथे हात वर करून, मनगट मागे मोडून, फोन वरंध घाटाच्या दिशेला तिरका धरून उभं राहायचं आणि अंगठ्याने माहिती भरायची. निरोप येतो पावणेपाचला: सोबतच्या नमुन्यात माहिती आजच्या आज, पाच वाजेपर्यंत. दुसऱ्या दिवशी तीच माहिती, फक्त रकाने आडव्याऐवजी उभे. बंद संडासांचा आकडा मी आता झोपेतही सांगू शकतो, फक्त झोप लागली पाहिजे.

गावात दुखणं लपत नाही आणि औषध सांगणारा थांबत नाही. शिवथरहून महाड तीसेक किलोमीटर. एवढ्या प्रवासात, बिरवाडी यायच्या आत, एसटीत बसल्या जागी माझ्या मनगटावर संपूर्ण वैद्यकशास्त्र ओतलं गेलं. मागच्या बाकावरच्या बाईंनी निर्गुडी सांगितली. पुढच्याने निर्गुडीला नाक मुरडून एरंड सांगितला. दारातल्याने दोन्ही खोडून काढून बिब्बा सांगितला. माझा हात कुणी बघितला नाही. हात बघितला की मतावर परिणाम होतो. शेवटी कंडक्टरने मशीन पुढे धरलं आणि म्हणाला, "हे बटणांचं मशीन आल्यापासून माझापण अंगठा गेलाय. काय मिळालं तर मलापण सांगा."

निर्गुडी ओढ्याकाठी भरपूर. आमच्या आईने पाला उकळून शेक दिला. हाताचं काय झालं सांगता येत नाही, पण आजूबाजूच्या घरांतलेसुद्धा डास त्या संध्याकाळी गाव सोडून गेले. एरंडाचं पान तेल लावून, गरम करून मनगटाला बांधलं आणि शाळेत गेलो. तिसरीतला एक मुलगा टक लावून बघत होता. "गुर्जी, आज तुमच्या हातावर वाढायचंय का?" तांब्याचं कडं महाडच्या बाजारातून आणलं. चार दिवसांत मनगटाला हिरवा पट्टा पडला. बायकोने तो बघितला, काही न बोलता चिंचेचा गोळा घेतला आणि देवाच्या भांड्यांबरोबर मलाही घासून काढलं. बिब्ब्याचा प्रयोग मेव्हण्याने आधी स्वतःवर करून दाखवला, मी भित्रा आहे हे सिद्ध करायला. त्याचा गुडघा दुखत होता. बिब्बा उतला, कातडीला फोड आले, आणि त्यानंतर आठवडाभर गुडघा दुखतो असं तो एकदाही म्हणाला नाही. म्हणायला सवडच नव्हती.

त्याच मेव्हण्याने सवचं सुचवलं. महाडपासून जवळच, सावित्रीकाठी, सवला गरम पाण्याचे झरे आहेत. त्या पाण्यात हात बुडवून बसलं की सगळे वाताचे विकार जातात, हे इकडे लहान पोरालाही ठाऊक आहे. आम्ही गेलो. पाणी किती गरम आहे ते बघायला पुढे कोण झालं, तर मी. घातला कुठला हात, तर उजवा, ज्याला रात्रीपासून काही कळत नव्हतं.

"कोमट आहे," मी जाहीर केलं.

माझ्या शब्दावर मेव्हणा गुडघ्यासकट उतरला. तो ज्या वेगाने वर आला त्यावरून गुडघ्यात काही दोष नाही हे मात्र नक्की झालं. पुढे डॉक्टरांनी हेच बजावलं: बधिर बोटांना शेक देताना पाणी दुसऱ्या हाताने बघा, नाहीतर भाजलेलं कळणार नाही. मेव्हण्याला ते आधीच कळलेलं होतं.

अखेर महाडला डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही हातांचे पंजे मनगटातून खाली वाकवायला लावले, पंज्यांच्या पाठी एकमेकींना भिडवून. म्हणजे नमस्कारच, फक्त उलटा. "असं एक मिनिट थांबा." फेलन नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी गेल्या शतकात रूढ केलेली ही परीक्षा आहे, नस दबलेली असेल तर मिनिटभरात मुंग्या येतात. दवाखान्याचं दार अर्धंच. बाकावरच्या एका आजींनी मला तसं उभं पाहिलं, ही इथली पद्धत असावी असं समजून त्याही उलटे हात जोडून बसल्या, आणि त्यांचं बघून रांगेतल्या बाकीच्यांनीही. त्यात एक जण तर दाताच्या दुखण्यासाठी चुकून आला होता.

मग डॉक्टरांनी मनगटावर बोटाने टिचक्या मारल्या. ही टिनेल यांची खूण. पहिल्या महायुद्धात सैनिकांच्या जखमी नसा तपासणाऱ्या या फ्रेंच माणसाने ती १९१५ साली लिहून ठेवली. तिसऱ्या टिचकीला मधल्या बोटापर्यंत वीज गेली आणि मी "आई गं!" म्हणून ओरडलो. डॉक्टर प्रसन्न झाले. माझ्या कुठल्याही परीक्षेच्या निकालाने आजवर एवढा आनंद कुणाला झाला नव्हता.

त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे चित्र काढून समजावलं. मनगटात एक बोगदा असतो. तळाला आणि बाजूंना हाडं, वर छपराला एक जाड पट्टा. त्या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या जातात आणि त्यांच्यासोबत एक नस. मला ते बाजाराच्या दिवशीच्या एसटीवरून लगेच समजलं: नऊ दांडगे प्रवासी गाठोड्यांसकट आत, आणि मध्ये अडकलेला कंडक्टर. प्रवासी फुगले की पहिला चेंगरतो तो, आणि तो चेंगरला की पुढच्या साडेतीन सीटांना तिकीट मिळत नाही. करंगळीचा मार्ग वेगळा. तिची नस या बोगद्यातून जातच नाही. तिचा तोरा मला आता समजला.

"म्हणजे हे मोबाईलमुळेच ना?" मी मोठ्या आशेने विचारलं.

"तसं ठामपणे नाही सांगता येत. टायपिंगवर खापर फोडण्याइतका पुरावा नाही. जोर लावून तेच ते काम, हादरे देणारी यंत्रं, याचा संबंध जास्त. घाटात ब्रेकरने दगड फोडतात ना, त्यांचे हात बघा. शिवाय बायकांना जास्त होतं. गरोदरपणात होतं, थायरॉइडमध्ये, मधुमेहात, संधिवातात होतं. लंडनच्या जेम्स पॅजेटनी ही नस दबल्याचं १८५४ मध्येच लिहून ठेवलंय."

१८५४! म्हणजे माहिती पाठवा असा निरोप यायच्या कितीतरी आधी. मी खचलो.

"डॉक्टर, तरी तुम्ही तसं लिहून द्याल का? ऑनलाइन माहिती भरल्यामुळे, असं?"

"तुम्ही गरोदर नाही," त्यांनी विषय बदलला, "तेव्हा साखर आणि थायरॉइड बघून घेऊ."

उपचार मात्र वाटले होते तेवढे भयंकर निघाले नाहीत. आधी मनगटाचा पट्टा, आत पट्टी घातलेला. झोपेत माणूस मनगट मुडपून घेतो आणि बोगदा आणखी आवळतो. पट्ट्याने ते सरळ राहतं. तेवढ्याने भागलं नाही तर बोगद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन. तेही पुरलं नाही, किंवा अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग वाळायला लागला, तर छोटी शस्त्रक्रिया. ते छप्पर कापून मोकळं करायचं, बहुतेक वेळा फक्त हाताला भूल देऊन, आणि त्याच दिवशी घरी. नस किती दबली आहे ते मोजायला मला पनवेलला पाठवण्यात आलं. तिथे बोटांना तारा जोडून हाताला विजेचे झटके दिले आणि तो निरोप नसेतून किती वेळात पोचतो ते मोजलं. आमच्या तालुक्याचे निरोप या मानाने फारच वेगात येतात.

अहवालात शब्द आला: सौम्य.

गावाला हा शब्द सहन झाला नाही. "एवढं पनवेलला जाऊन सौम्य?" आजोबा म्हणाले. एकाने सुचवलं की दुसरीकडे दाखवा, एवढ्या पैशांत निदान मध्यम तरी मिळायला हवं होतं. मेव्हण्याने तर मला फशी पडलेला माणूस ठरवलं.

पट्टा बांधून पहिल्या रात्री झोपलो. डास गालावर बसला, सवयीने हात उचलला, आणि ती पट्टी स्वतःच्याच कपाळावर बसली. कूस बदलताना ती बायकोच्या कोपराला लागली. ती उठून बसली.

"अहो, काय आहे हे?"

"हाताला आराम द्यायला सांगितलाय. रात्री बोटं बधिर होतात, मुंग्या येतात, हात झाडावा लागतो."

"ते होय! मला होतंच की. धाकट्याच्या वेळेपासून."

"मग कधी बोलली नाहीस?"

"बोलून काय? भाकऱ्या तुम्ही थापणार होतात?"

ती पुन्हा झोपली. माझी मात्र झोप उडाली. दुसऱ्या दिवशी मी तिला उलटा नमस्कार करायला लावला. अर्ध्या मिनिटात तिने हात सोडले आणि म्हणाली, "आल्या." त्या रात्री पट्टा तिच्या हातात होता. माझं दुखणं सौम्य, हे मला कागदावर मिळालेलं होतंच.

इथवर ठीक होतं. पण लावणीचे दिवस होते. बायको आवण काढायला शेजारच्या खाचरात गेली आणि तिने बाकीच्यांना ही परीक्षा शिकवली. पहाटेपासून वाकून रोपं उपटायची, मुठी बांधायच्या, चिखलात रोवायच्या, घरी येऊन नाचणीच्या भाकऱ्या थापायच्या आणि रात्री हात झाडत बसायचं. या दुखण्याला नाव आहे, ते लॅटिन-इंग्रजी आहे आणि डॉक्टर त्यावर प्रसन्न होतात, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. प्रश्न एकच आला: मिनिट मोजायचं कसं? घड्याळ कुणाच्याच हातात नाही. तो एका काकूंनी सोडवला. त्यांनी भीमरूपी म्हणायला सुरुवात केली. मारुतिस्तोत्र निम्म्यावर आलं की मिनिट झालं समजायचं. स्तोत्र समर्थांचंच. म्हणजे अखेर समर्थांनी मनगटाकडे लक्ष दिलं.

त्याच वेळी घळीकडे जाणारी पुण्याची एक गाडी रस्त्याला थांबली. धो धो पावसात बांधावर बायका ओळीने उभ्या, डोक्यावर इरली आणि प्लास्टिकचे कागद, हात उलटे जोडलेले, तोंडाने भीमरूपी. गाडीतून मंडळी मोबाईल घेऊन उतरली.

"काकू, हे कुठलं व्रत?"

"मनगटाचं."

"सगळ्यांनी करायचं असतं?"

"ज्याची बोटं मरतात त्यानं."

मंडळींनी फोटो काढले आणि जाताना त्यांनीही रस्त्यावर उभं राहून उलटा नमस्कार केला. त्यातल्या चालकाचे हात अर्ध्या स्तोत्राच्या आतच सुटले म्हणे.

मग पट्ट्याचा फेरा सुरू झाला. बायकोकडून तो शेजारच्या वहिनींकडे गेला, तिथून त्यांच्या नणंदेकडे, आंबे शिवथरला. तिचा डावा हात दुखतो आणि पट्टा उजव्याचा, म्हणून तिने तो उलटा घालून बघितला आणि गुण आल्याचं कळवलं. परत आला तेव्हा त्याला सुकटीचा वास होता. मग तो म्हशीवाल्या शेजाऱ्याने नेला आणि धारा काढताना घातला, म्हशीने लाथ मारली. मग घाटातल्या ब्रेकरवाल्याकडे. त्याने एका रात्रीच्या झोपेनंतर असं सांगितलं की हा पट्टा सरकारने वाटायला हवा. महाडच्या डॉक्टरांकडेही माणसं जाऊ लागली. आत शिरल्या शिरल्या उलटे हात जोडून, "परीक्षा घरीच दिलीय, पास झालोय, आता पुढचं बोला." डॉक्टरांनी मला निरोप धाडला: लोकांना पाठवताय ते चांगलं, पण एक पट्टा सगळ्यांनी वापरू नका, प्रत्येकाने आपापल्या मापाचा घ्यावा, आणि सुकट कोण खातं?

मी तो निरोप वाडीत वाचून दाखवला. सगळ्यांना पटला. आपापला घ्यायचा हे ठरलं. पण लावणी उरकल्यावर, हातात पैसे आल्यावर. तोवर हा आहेच.

"पण माझं काय?" मी बायकोला विचारलं. "मला रात्री त्रास होतो. पट्टा आहे कुठे सध्या?"

"कुंभे शिवथरला असेल. नाहीतर तिथून कसबे शिवथरला आला असेल. मला विचारू नका, माझ्याकडेच रोज चार जणी विचारायला येतात." ती भाकरी परतत म्हणाली. मग तिला काहीतरी सुचलं. "अहो, तुम्हाला येतं ना ते? एक तक्ता करा मोबाईलवर. नाव, वय, गाव, कुठला हात, उजवा की डावा, किती बोटं, कधी नेला, कधी आणला."

"आता?"

"मग कधी? संध्याकाळी बायका येतील विचारायला," ती म्हणाली. "पाच वाजेपर्यंत भरून ठेवा."